सॉफ्ट नोज आणि सॉलिड: एकाच काडतुसातल्या दोन गोळ्या

ठाण्याच्या मराठी ग्रंथसंग्रहालयातून जुन्या शिकारकथा घरी नेणाऱ्या वाचकांना ‘सॉफ्ट नोज’ आणि ‘सॉलिड’ हे शब्द वारंवार आढळतात, आणि पहिली गोळी मऊ म्हणून कमकुवत व दुसरी टणक म्हणून जोरदार, अशी बहुतेकांची समजूत होते. ती चुकीची आहे. (गोळी म्हणजे केवळ नळीतून बाहेर पडणारा भाग, बातम्यांत येते ते ‘जिवंत काडतूस’ म्हणजे गोळी, दारू आणि ती पेटवणारी टोपी यांसह संपूर्ण वस्तू.) १९१२ साली आलेल्या .३७५ एच अँड एच मॅग्नम या काडतुसात दोन्ही प्रकारच्या ३०० ग्रेनच्या, म्हणजे सुमारे १९ ग्रॅम वजनाच्या गोळ्या भरता येतात. फरक जोराचा नसून जनावराच्या अंगात शिरल्यावर गोळी काय करते याचा आहे.

सॉफ्ट नोजचे शिसे तांब्याच्या मिश्रधातूच्या आवरणात असते, पण टोकाला उघडे ठेवलेले असते. मांसात शिरताच ते टोक चपटे होऊन अळंबीसारखे फुलते, रुंद जखम करते आणि गोळीचा बहुतेक जोर शरीरातच खर्ची पडतो. सॉलिडचे टोक पूर्ण झाकलेले असते किंवा सगळी गोळीच पितळेसारख्या एका धातूची असते. ती फुलत नाही, सरळ आणि खोल जाते.

सांबरासारख्या पातळ कातडीच्या जनावरावर सॉलिड वापरली, तर ती अरुंद भोक पाडून आरपार जाते, घायाळ जनावर दूरवर पळून तडफडत मरते आणि मागे उभे असलेले दुसरे जनावरही विनाकारण जखमी होऊ शकते. हत्तीचे उलट आहे. त्याचा मेंदू पोकळ्यापोकळ्यांच्या जाड हाडामागे दडलेला असल्यामुळे सॉफ्ट नोज तिथे पोहोचण्याआधीच पसरून अडकते. आफ्रिकी रानरेडा मधला. त्याच्यासाठी अनेक शिकारी पहिली गोळी सॉफ्ट आणि पुढच्या सॉलिड भरत, कारण जखमी रेडा पळताना किंवा अंगावर येताना कोणत्या कोनातून समोर येईल ते सांगता येत नाही.

सॉफ्टचीही खोड आहेच: वेग जास्त आणि अंतर कमी असेल, तर ती वरवरच फुटते. १९४६ साली कॅनडात मूस या हरणाच्या जातीतल्या एका मोठ्या जनावरावर हा अनुभव आल्यावर अमेरिकी शिकारी जॉन नॉस्लर यांनी मध्ये धातूची आडभिंत असलेली गोळी तयार केली, जिचा पुढचा भाग फुलतो आणि मागचा शाबूत राहून आत घुसत जातो. १९४८ पासून ती विकली जाऊ लागली. माझ्या मते सॉफ्ट की सॉलिड या पेचावरचा हा सर्वांत शहाणा तोडगा आहे.

आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने शिकार बंद केल्यामुळे ठाण्याजवळच्या येऊरच्या जंगलातल्या बिबट्याच्या संदर्भात ही निवड कोणाही नागरिकापुढे येत नाही. माणसांच्या जिवावर उठलेल्या जनावराबाबतही निर्णय मुख्य वन्यजीव रक्षकांचा असतो.

शेवटी आणखी एक घोटाळा. फुलणाऱ्या गोळ्या कोलकात्याजवळच्या दमदमच्या कारखान्यावरून ‘दमदम’ म्हणून गाजल्या आणि १८९९ च्या हेग घोषणेने त्यांना युद्धात मनाई झाली, म्हणून सैनिकी गोळी पूर्ण आवरणाची असते. पण ती म्हणजे सॉलिड नव्हे: तिचे आवरण पातळ असते आणि टोक अणकुचीदार असल्याने ती मांसात शिरल्यावर कलंडते, तर शिकारीच्या सॉलिडचे टोक गोलसर किंवा चपटे आणि बांधणी भक्कम असते, ती वाट सोडत नाही.