कर्नलची हमाली

गौरी-गणपतीत गुहागर-दापोलीकडच्या वाड्यांमध्ये जाखडी आणि शक्ती-तुऱ्याच्या सामन्यांची रेकॉर्डिंगं हातोहात फिरतात. विसर्जन आटोपलं की मुंबईला निघालेला चुलतभाऊ पेन ड्राइव्ह पुढे करतो, "एसटी सुटायच्या आत एवढं भरून दे." लॅपटॉपवर हिरवी पट्टी सरकू लागते. ती रेंगाळली की आपण पेन ड्राइव्हला शिव्या घालतो, आणि त्या बहुतेक वेळा योग्य ठिकाणीच पडतात. पण पट्टीच्या आड आणखी एक काम चालू असतं: मेमरीत एका जागचे बाइट उचलायचे आणि दुसऱ्या जागी ठेवायचे. ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, दिवसभर ज्या उठाठेवी करतो त्यांत हे सगळ्यात बिनडोक काम. तरीही भलीभली माणसं त्याच मोजक्या ओळी वर्षानुवर्षं खोडून पुन्हा लिहीत आली आहेत.

4 जीबीची फाइल धरू. लिनक्स या मुक्त ऑपरेटिंग सिस्टिमवरचा एखादा साधा प्रोग्रॅम ती वाचायला मागतो, तेव्हा डिस्कवरचा मजकूर आधी कर्नलच्या ताब्यातल्या मेमरीत उतरतो. तिथून तो प्रोग्रॅमच्या मेमरीत जातो. प्रोग्रॅम लिहायला सांगतो, की परत कर्नलच्या मेमरीत, आणि मग पेन ड्राइव्हकडे. दोन टोकांची ने-आण त्या-त्या उपकरणाची यंत्रणा परस्पर उरकते. मधल्या दोन नकला मात्र प्रोसेसरच्या गळ्यात पडतात. कर्नल मेमरी 4 केबीच्या पानांत मोजतो. म्हणजे 10 लाख 48 हजार 576 पानं, आणि प्रत्येक पान दोनदा. पेन ड्राइव्हच्या मंद गतीपुढे हा खर्च जाणवत नाही. जलद नेटवर्क आणि जलद डिस्क असलेल्या सर्व्हरवर मात्र तो चांगलाच बोचतो.

बाइट उचलून ठेवण्यात चुकण्यासारखं काय आहे? सहा घरं घ्या. पहिल्या पाचांत 1, 2, 3, 4, 5 आहेत आणि सगळे एकेक घर उजवीकडे सरकवायचे आहेत. डावीकडून सुरुवात केलीत तर दुसऱ्या घरात 1 जातो. तिथला 2 पुसला गेला. आता तिसऱ्या घरासाठी दुसऱ्यातून उचलायला जाल तर हाती 1 येतो, आणि शेवटी सहाही घरांत 1. उजवीकडून सुरुवात केली की सगळं ठीक. म्हणून सी भाषेत दोन वेगळी फंक्शनं आहेत. मेममूव्ह जागा एकमेकींवर चढल्या असतील तरी सांभाळून घेतं, आणि मेमकॉपी अशी हमी देत नाही. 2010 साली लिनक्सवरच्या सी लायब्ररीतली (म्हणजे सगळे प्रोग्रॅम वापरतात त्या तयार फंक्शनांच्या साठ्यातली) मेमकॉपी नव्या प्रोसेसरसाठी वेगवान करण्यात आली आणि काही वेळा ती उलट्या दिशेने नक्कल करू लागली. नियमाप्रमाणे तिला ती मोकळीक होतीच. पण ब्राउझरमध्ये व्हिडिओ चालवणारा फ्लॅश प्लेअर चढलेल्या जागांवरही मेमकॉपीच वापरत होता, त्यामुळे फेडोरा 14 या लिनक्सच्या आवृत्तीवर त्याचा आवाज खरखरू लागला. चूक फ्लॅशची, हे उघड होतं. लिनक्सचे जनक लिनस टॉरवाल्ड्स यांचं म्हणणं असं की, वापरणाऱ्याचा आवाज बिघडलाय, त्याला नियम दाखवून काय उपयोग? मला त्यांचं पटतं.

कर्नलमध्ये मामला आणखी नाजूक होतो. प्रोग्रॅम कर्नलला पत्ता देतो, "इथून 8 केबी उचल." तो पत्ता खोटा असू शकतो. खरा असला तरी त्यातलं दुसरं पान अजून मेमरीत आलेलंच नसेल, आणि नक्कल अर्ध्यावर अडकते. साधा प्रोग्रॅम अशा ठेचेला कोसळला तर कोसळला, कर्नलला ती चैन परवडत नाही. म्हणून लिनक्समधली ही नक्कल खास लिहिलेली असते. प्रोसेसरला दिलेल्या ज्या सूचनेवर ठेच लागू शकते तिचा पत्ता एका तक्त्यात आधीच नोंदवलेला असतो. तिथे अडखळलं आणि पान आणणंही शक्य नसलं, की प्रोसेसर तक्त्यातल्या पर्यायी जागी उडी मारतो. मग नक्कल करणारं फंक्शन फक्त "इतके बाइट राहिले" असा आकडा परत करतं. सगळं पोचलं तर शून्य.

आता वेगाकडे वळू. इंटेलच्या 1978 च्या 8086 प्रोसेसरमध्येच एक सूचना होती, 'रेप मूव्हएसबी': इथून तिथे इतके बाइट ने. एका ओळीत काम फत्ते. पुढे प्रोसेसर एका दमात चार, आठ, सोळा बाइट हलवू लागले आणि ही सूचना मागे पडली. तिच्याऐवजी लोक लांबलचक, हाताने उलगडलेली आवर्तनं, म्हणजे तीच पायरी ओळीमागून ओळ सुटी मांडलेला कोड, लिहू लागले. 2012 च्या आयव्ही ब्रिज प्रोसेसरांपासून इंटेलने ती आतून सुधारली. वरून बाइट-बाइट दिसतं, आत प्रोसेसर मोठमोठे घास घेतो. तरी एक अडचण उरली. दाभोळहून धोपाव्याला जाणारी फेरीबोट पाहा. बोट धक्क्याला लागायची, गाड्या मागेपुढे करून नीट लावायच्या, मग ती निघणार. ट्रक आणि बस भरल्या असतील तर एवढा खटाटोप वसूल होतो. हातात कोळंबीची पिशवी घेऊन एकट्याने वाशिष्ठी ओलांडायची असेल, तर लहान होडी मिळाल्यास माणूस फेरीची वाट बघत बसणार नाही. रेप मूव्हएसबी ही तशी फेरीबोट. तिला सुरुवातीलाच ठरावीक वेळ लागतो, आणि कर्नलमधल्या पुष्कळशा नकला नेमक्या लहान असतात: फाइलचं नाव, एखादी रचना, काही डझन बाइट. 2019 च्या आइस लेक प्रोसेसरांनी ती सुरुवातही झटपट केली, म्हणजे 1 ते 128 बाइटच्या लहान फेऱ्यांनाही ती परवडू लागली.

मग कोणत्या प्रोसेसरवर काय वापरायचं? दर वेळी विचारत बसलं तर विचारण्यातच वेळ जाणार. लिनक्स एकदाच विचारतो, मशीन चालू होताना. प्रोसेसरला काय जमतं ते पाहून कर्नल स्वतःच्याच कोडमधल्या त्या सूचना बदलतो. मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत आवडणारी करामत हीच.

साहजिकच कुणीतरी म्हणेल, आता प्रोसेसरांत 64 बाइट मावणारी भलीमोठी रजिस्टरं, म्हणजे प्रोसेसरच्या आतले हाताशी असलेले कप्पे, आहेत, ती का वापरत नाही? वापरता येतात, पण त्या वेळी त्यांत प्रोग्रॅमचा ऐवज असतो. कर्नलला तो आधी जपून ठेवावा लागतो आणि नंतर परत द्यावा लागतो. चार बाइटांच्या नकलेसाठी एवढा पसारा कोण मांडणार?

चाचण्यांवर तर फार भरवसा ठेवू नये. एकच 4 केबीचं पान लाख वेळा कॉपी केलं की ते प्रोसेसरच्या सगळ्यात जवळच्या कॅशमध्ये, म्हणजे छोट्या पण झटपट मेमरीत, जाऊन बसतं, आणि आकडे भन्नाट येतात. प्रत्यक्षात मजकूर दूरच्या मेमरीतून 64-64 बाइटांच्या तुकड्यांनी येतो. शिवाय तुमचा लांबलचक, उलगडलेला कोडही कॅशमधली जागा खातो आणि दुसऱ्या कुणाला तरी बाहेर काढतो. चाचणीत हे दिसत नाही.

याहून हुशार मार्ग म्हणजे नक्कलच न करणं. सर्व्हरला फाइल जशीच्या तशी नेटवर्कवर पाठवायची असेल, तर लिनक्समधलं सेंडफाइल तिला प्रोग्रॅमच्या मेमरीतून फिरवत नाही. नवी प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅमची नवी प्रत, जन्माला घालताना कर्नल आईबापाची सगळी मेमरी कॉपी करत नाही. दोघांना तीच पानं दाखवतो आणि कुणी लिहायला लागलं तरच त्या पानाची नक्कल करतो. पण वाटून घेतलेल्या पानाला पहारा लागतो. 2022 च्या मार्चमध्ये उघड झालेल्या 'डर्टी पाइप' या त्रुटीत नेमका तोच सुटला होता. लिनक्स 5.8 पासून, फाइलचं पान नक्कल न करता पाइपमध्ये (एका प्रोग्रॅमकडून दुसऱ्याकडे मजकूर नेणाऱ्या कर्नलमधल्या नळीत) जोडताना, 'पुढचा मजकूर याच पानात जोडला तरी चालेल' असं सांगणारी एक खूण जुन्याच मूल्यासह राहून जाई. पाइपमध्ये पुढे लिहिलेला मजकूर मग थेट कर्नलकडच्या फाइलच्या पानात मिसळे, फक्त वाचायची परवानगी असलेल्या फाइलमध्येसुद्धा. साध्या वापरकर्त्याला यातून संगणकाचा पूर्ण ताबा घेता येत होता, आणि त्यातून काही अँड्रॉइड फोनही सुटले नाहीत. दुरुस्ती दोन ओळींची होती: नवी नोंद करताना ती खूण शून्य करायची.