वेबसाइटसाठी पुश नोटिफिकेशन टूल निवडणं (ग्रामीण विदर्भाच्या अंगानं)

साइट उघडी नसताना, मोबाईल खिशात असताना स्क्रीनवर वरून जो छोटा मेसेज उतरतो आणि त्याच्यावर बोट ठेवलं की थेट साइटचं पान उघडतं, त्याला वेब पुश नोटिफिकेशन म्हणतात. हे मेसेज कोणाला जातील, कधी जातील, किती पोचले, कोणी बंद केले हा सगळा हिशोब जे सॉफ्टवेअर ठेवतं ते पुश नोटिफिकेशन टूल. विदर्भाच्या खेड्यापाड्यात याचा उपयोग करणारे म्हणजे तालुक्याच्या बातम्या देणारे पोर्टल, बाजार समितीचे भाव टाकणाऱ्या साइटी, शेतकरी उत्पादक कंपन्या, कृषी केंद्रवाले, संत्र्याच्या रोपवाटिका, कोचिंग क्लासवाले आणि नोकरभरतीच्या जाहिराती देणारे. टूल निवडताना बहुतेक जण पहिले फुकट कोणतं ते पाहतात. पण जोडलेल्या लोकांची लिस्ट कोणाच्या ताब्यात राहते आणि मेसेज वेळ गेल्यावर पोचणार असेल तर तो थांबवता येतो का, हे दोन प्रश्न पैशाच्या आधी विचारायला पाहिजेत.

आतून काय होतं ते थोडक्यात. साइट परवानगीचा डब्बा दाखवते, त्यात माणसानं 'अलाऊ' दाबलं की ब्राउझर आपल्या कंपनीच्या पुश सर्व्हिसकडून एक पत्ता घेतो, क्रोम असेल तर गुगलकडून, फायरफॉक्स असेल तर मोझिलाकडून, सफारी असेल तर ॲपलकडून, आणि त्या पत्त्यासोबत कुलूपबंदीच्या दोन किल्ल्या येतात. टूल हे सगळं साठवून ठेवतं. मेसेज पाठवला की तो एन्क्रिप्ट म्हणजे कुलूपबंद होऊन त्या पुश सर्व्हिसकडे जातो, फोन रेंजमध्ये असला तर लगेच उतरतो, नसला तर तिथं थांबतो, आणि फोनवर सर्व्हिस वर्कर नावाची साइटची एक छोटी फाईल जागी होऊन नोटिफिकेशन दाखवते. म्हणजे शेवटचं पोचवायचं काम गुगल, मोझिला, ॲपल यांचंच, कोणतंही टूल घ्या, ते फक्त मधला कारभारी. हे समजलं की 'आमची डिलिव्हरी सगळ्यात फास्ट' अशा दाव्यांना किती वजन द्यायचं ते आपोआप कळतं.

क्रोमनं हे एप्रिल २०१५ मध्ये ४२ व्या आवृत्तीपासून दिलं, फायरफॉक्सनं जानेवारी २०१६ मध्ये. पाठवायची पद्धत आरएफसी ८०३० मध्ये (आरएफसी म्हणजे इंटरनेटचे नियम लिहिलेला कागद) २०१६ ला ठरली, एन्क्रिप्शन आणि पाठवणाऱ्याची ओळख यांचे नियम आरएफसी ८२९१ आणि ८२९२ मध्ये २०१७ ला आले. आयफोनवर मार्च २०२३ मध्ये आयओएस १६.४ पासून चालतं, पण साइट आधी होम स्क्रीनवर ॲड केली असेल तरच. आपल्याकडं गावात बहुतेक हातात अँड्रॉइडच असतो म्हणून आयफोनच्या सोयीसाठी जास्त पैसे मोजायची घाई करू नये.

लिस्ट कोणाची

सबस्क्रिप्शन, म्हणजे एकेका माणसाची जोडणी, दोन गोष्टींना बांधलेलं असतं, एक म्हणजे साइटचा डोमेन आणि दुसरी पाठवणाऱ्याची ओळख पटवणारी व्हॅपिड नावाची किल्ल्यांची जोडी. यातली खाजगी किल्ली टूलवाल्यानं स्वतःकडं ठेवली आणि द्यायला नकार दिला तर उद्या टूल बदलताना जमवलेले सगळे लोक तिथंच अडकतात. दोन-तीन सीझन मेहनत करून, गावोगावच्या व्हॉट्सॲप ग्रुपात लिंक टाकून लोक जोडलेले असतात आणि मग भाव वाढले किंवा फुकट प्लॅन बंद झाला की हात बांधलेले, हे फार वाईट होतं, म्हणून साइन अप करायच्या आधी सपोर्टला सरळ विचारायचं: व्हॅपिडची खाजगी किल्ली मिळेल का, किंवा आमची स्वतःची किल्ली टाकता येईल का, आणि सबस्क्रायबरची पूर्ण यादी एक्सपोर्ट होते का. एक्सपोर्ट म्हणजे नुसते आकडे किंवा शहरांची नावं चालत नाहीत, प्रत्येकाचा पत्ता आणि वर सांगितलेल्या कुलूपबंदीच्या दोन्ही किल्ल्या पाहिजेत. उत्तर गोलमोल आलं तर ते टूल सोडून द्यावं असं माझं स्पष्ट मत आहे.

किल्ली नाहीच मिळाली तरी एक वाट राहते. परवानगी ही डोमेनला दिलेली असते, टूलला नाही, त्यामुळं तोच माणूस त्याच डोमेनवर वापस आला की नवीन टूल त्याला न विचारता पुन्हा जोडून घेऊ शकतं. मग जुनं टूल बंद करायच्या आधी त्याच्यातूनच कामाचे मेसेज पाठवून लोकांना साइटवर आणायचं, सोयाबीनची आवक जोरात असते तेव्हा, म्हणजे दसरा-दिवाळीच्या सुमारास हे केलं तर जास्त लोक येतात, मे महिन्यात कोण भाव पाहायला येणार.

पण हे सगळं परवानगी आपल्या डोमेनवर घेतली असेल तरच. ही गोष्ट ब्लॉगरवर (गुगलची फुकट साइट बनवायची सेवा) साइट असणाऱ्यांसाठी महत्त्वाची आहे आणि तालुक्याचे कितीतरी न्यूज पोर्टल अजून ब्लॉगरवरच आहेत. सर्व्हिस वर्करची फाईल साइटच्या स्वतःच्या डोमेनवर ठेवावी लागते आणि ब्लॉगर ती ठेवू देत नाही, म्हणून टूलवाले आपल्या एखाद्या सबडोमेनवर परवानगी घेतात. तिथं लोक जोडले गेले म्हणजे ते त्या टूलचे झाले, किल्ली मिळाली तरी तो डोमेन आपला नाही. ज्याला हे काम मनावर घेऊन करायचं आहे त्यानं आधी स्वतःचा डोमेन, एचटीटीपीएस आणि वर्डप्रेससारखी फाईल टाकता येणारी जागा घ्यावी, टूलचा विचार त्याच्यानंतर. आणि डोमेन घेतला की बदलू नये, डोमेन बदलला तर लिस्ट शून्यावर येते.

वेळ गेलेला मेसेज

मेळघाटातली बरीच गावं, गडचिरोलीचा दक्षिण भाग, यवतमाळचा झरी-पांढरकवडा पट्टा इथं रेंज येते-जाते, लाईन गेली की टॉवरही मान टाकतो. सकाळी पाठवलेला कापसाचा भाव माणूस वावरातून संध्याकाळी फाट्यावर आला की फोनवर उतरतो, आणि तो आजचाच समजून दुसऱ्या दिवशी गाडी भरून हिंगणघाटला नेली तर नुकसान कोणाचं झालं ते सांगायला नको. म्हणून टीटीएल म्हणजे मेसेज किती वेळ जिवंत ठेवायचा ही सोय टूलमध्ये दर मेसेजला वेगळी असायलाच पाहिजे. ती आकडा सेकंदात घेते, ३६०० म्हणजे एक तास, शून्य म्हणजे आत्ता फोन ऑनलाईन असेल तर द्या नाहीतर फेका. गुगलच्या फायरबेस या मेसेज पाठवायच्या सेवेत आपण काही सांगितलं नाही तर मेसेज ४ आठवड्यांपर्यंत ठेवला जातो, भावाच्या मेसेजसाठी हे घातक आहे. भावाला काही तास, कृषी पंपाच्या थ्री फेज लाईनच्या वेळापत्रकाला जास्तीत जास्त आठवडा, भरतीच्या जाहिरातीला शेवटच्या तारखेपर्यंत, असा साधा हिशोब.

याच्याच जोडीला टॉपिक नावाची एक सोय आहे: एकाच टॉपिकचा नवीन मेसेज आला की थांबलेला जुना आपोआप काढून टाकला जातो, म्हणजे दुपारचा तुरीचा भाव सकाळच्या भावाची जागा घेतो आणि रेंजमध्ये आल्यावर एकदम पाच मेसेज आदळत नाहीत. बऱ्याच टूलमध्ये ही सोय आत असते पण डॅशबोर्डवर दिसत नाही, शोधावी लागते. आणि काही झालं तरी मजकुरात तारीख आणि वेळ टाकायचीच.

गोसीखुर्दच्या ३३ दरवाज्यांपैकी किती उघडले, वैनगंगेचं पाणी वाढलं का, वीज पडायचा इशारा आहे का, असे मेसेज पाठवायचा मोह होतो आणि पाठवावेतही, टीटीएल कमी ठेवून आणि अर्जन्सी, म्हणजे मेसेज किती तातडीचा ते सांगणारी सेटिंग, 'हाय' करून. पण वेब पुश पोचेलच याची हमी कोणतंही टूल देऊ शकत नाही. जिवाचा प्रश्न असेल तिथं दवंडी, फोन, सरकारी एसएमएस, विजेसाठी दामिनी ॲप हेच मुख्य, पुश त्याच्या सोबतीला.

परवानगी मागायची रीत

लोकं आता पान उघडताच येणारा तो डब्बा पाहिला की ब्लॉक करून राहिले, आणि एकदा ब्लॉक केलं की साइट पुन्हा विचारू शकत नाही, माणसाला स्वतः सेटिंगमध्ये जाऊन उघडावं लागतं, ते कोणी करत नाही. फायरफॉक्सनं जानेवारी २०२० पासून माणसानं कुठं क्लिक केल्याशिवाय डब्बा दाखवणंच बंद केलं आणि क्रोमनं त्याच्या पुढच्या महिन्यात, ज्या साइटींना लोक नकार देतात त्यांचा डब्बा बारीक करून टाकला. म्हणून टूल असं पाहिजे की आधी आपल्या भाषेतलं एक बटण दाखवता येईल, 'कारंजा बाजाराचे सोयाबीनचे भाव मोबाईलवर पाहिजे का', आणि हो म्हटल्यावरच ब्राउझरचा खरा डब्बा येईल. या बटणाचा मजकूर मराठीत बदलता येत नसेल, किंवा फुकट प्लॅनमध्ये तिथं टूलवाल्याचंच नाव झळकत असेल, तर लोक घाबरून नाही म्हणतात.

त्याच वेळी पीक आणि बाजार विचारून घेता आला तर फार चांगलं. वरुड-मोर्शीच्या संत्रावाल्याला धानाचे भाव पाठवले आणि भंडाऱ्याच्या धानवाल्याला संत्र्याचे, तर दोघंही चौथ्या दिवशी बंद करतील. याला टूलमध्ये सेगमेंट किंवा टॅग म्हणतात आणि काही ठिकाणी ही सोय पैसे भरल्यावरच उघडते, तेव्हा फुकट प्लॅनमध्ये किती टॅग मिळतात ते तपासायचं. काही घरांत एकच मोबाईल असतो हेही लक्षात असू द्या, नोटिफिकेशन फोनला जातं, माणसाला नाही.

आणखी एक गोष्ट खूप जणांच्या ध्यानात येत नाही. फेसबुकवरून लिंक उघडली की पान फेसबुकच्या आतल्या ब्राउझरमध्ये उघडतं आणि तिथं वेब पुश चालतच नाही, परवानगीचा डब्बा येणारच नाही. अशा लोकांना 'क्रोममध्ये उघडा' असं सांगणारी पट्टी दाखवणारं टूल मिळालं तर घ्यावं, नाहीतर स्वतः लावावी. स्वस्त फोनमध्ये बॅटरी वाचवायच्या नावाखाली कंपनीची सिस्टीम क्रोमला मागून बंद करते, आणि अँड्रॉइड १३ पासून ॲपला नोटिफिकेशनची वेगळी परवानगी लागते, क्रोमचीच ती बंद असेल तर साइटला दिलेली परवानगी वाया जाते. टूल बदलून हे दुरुस्त होत नाही. साइटवर फोटो टाकून मदतीचं एक पान बनवणं हाच उपाय.

मराठी मजकूर

देवनागरीचं प्रत्येक चिन्ह, काना-मात्रा धरून, ३ बाइट घेतं. 'सोयाबीन' मध्ये ७ चिन्हं म्हणजे २१ बाइट. पुशची मर्यादा साधारण ४ केबी, म्हणजे १३०० च्या आसपास चिन्हं बसतात, भरपूर झालं, जेव्हा की मराठी एसएमएस ७० चिन्हांतच एकाचे दोन होतात आणि धंद्याचा एसएमएस पाठवायचा तर ट्रायच्या (दूरसंचार नियामकाच्या) २०१८ च्या नियमांप्रमाणं नाव आणि टेम्प्लेट नोंदवावं लागतं ते वेगळंच. पण बंद स्क्रीनवर दिसतात पहिले तीन-चार शब्द, म्हणून पिकाचं आणि गावाचं नाव आधी. टूलच्या प्रिव्ह्यूवर विश्वास ठेवू नये, जुन्या फोनवर जोडाक्षरं कशी दिसतात ते प्रत्यक्ष पाठवून पाहावं. मोठा फोटो जोडायची सोय असते पण तो फोन वेगळा डाउनलोड करतो, कमी रेंजमध्ये त्याचा उपयोग नाही.

कोणती टूलं

फायरबेस क्लाउड मेसेजिंग गुगलचं आहे आणि फुकट आहे, पण ते चालवायला कोडिंग येणारा माणूस लागतो, आणि जुलै २०२४ पासून त्याची जुनी पाठवायची पद्धत बंद झाल्यामुळं नेटवरचे जुने व्हिडिओ पाहून लावलं तर चालत नाही. वनसिग्नल, पुशएंगेज, वेबपुशर यांचे वर्डप्रेस प्लगइन आहेत, गावातल्या साध्या साइटीसाठी सुरुवात इथूनच होते. वेबएंगेज, क्लेव्हरटॅप, मोएंगेज ही भारतात सुरू झालेली मोठी नावं, पण ती मोठ्या धंद्यांसाठी आहेत, तालुक्याच्या पोर्टलला त्यांची गरज नाही. वेब-पुश नावाची ओपन सोर्स लायब्ररी घेऊन स्वतःच्या सर्व्हरवरही करता येतं, नोड, पीएचपी, पायथन तिन्हीत मिळते, किल्ल्या आपल्याच हातात राहतात. अमरावती, अकोल्याच्या इंजिनिअरिंग कॉलेजात शिकलेला एखादा मुलगा-मुलगी सोबत असेल तर मला हाच रस्ता सगळ्यात बरा वाटतो, फक्त ते पोरगं पुण्याला नोकरीला गेलं की सर्व्हर कोण पाहील ते आधी ठरवून ठेवा.

पैसे बहुतेक ठिकाणी सबस्क्रायबरच्या संख्येवर लागतात आणि बिल डॉलरमध्ये येतं. फोन बदललेला, ब्राउझर साफ केलेला माणूस लिस्टमध्ये पडून राहतो, अशा पत्त्यावर पाठवलं की पुश सर्व्हिस ४०४ किंवा ४१०, म्हणजे हा पत्ता आता नाही, असं उत्तर देते आणि चांगलं टूल तो पत्ता लगेच काढून टाकतं, नाहीतर आपण गेलेल्या लोकांचे पैसे भरत राहतो. रिपोर्टमधला 'सेंट' आकडा म्हणजे पुश सर्व्हिसनं मेसेज घेतला एवढंच, माणसानं पाहिला असं नाही, फोनवर खरंच उतरल्याचा आकडा वेगळा देणारं टूल पाहावं.

फुकटवाल्यांच्या अटी पूर्ण वाचाव्यात, कारण आपल्या लोकांची माहिती जाहिरातीसाठी वापरायची किंवा मधेच स्वतःची जाहिरात पाठवायची मुभा त्यात लिहिलेली असू शकते, आणि शेतकऱ्याच्या फोनवर आपल्या साइटच्या नावानं झटपट कर्जाची जाहिरात गेली तर तो विश्वास पुन्हा मिळत नाही. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानं संमती जितक्या सोप्या रीतीनं घेतली तितक्याच सोप्या रीतीनं काढून घेता आली पाहिजे, म्हणून साइटवर 'मेसेज बंद करा' हे बटण मराठीत आणि दिसेल असं लावता येतं का तेही टूल घ्यायच्या आधीच तपासायचं.