पाऊस सुधारला, ओढे मागेच राहिले

अमेरिकेतल्या न्यू हॅम्पशायर राज्यात हबर्ड ब्रूक नावाचं प्रायोगिक जंगल आहे. तिथे १९६३पासून एक अत्यंत कंटाळवाणं काम चालू आहे. दर आठवड्याला पावसाचं आणि ओढ्यांचं पाणी बाटल्यांत भरायचं आणि तपासायचं.

जागा मात्र विचार करून निवडलेली. खालचा कातळ पाणी फारसं मुरू देत नाही. त्यामुळे झाडांनी घेतलेलं आणि वाफ झालेलं सोडलं, तर उरलेलं सगळं पाणी ओढ्यातूनच बाहेर पडतं. पाणलोटाच्या तळाशी इंग्रजी ‘व्ही’सारखी खाच असलेला छोटा बंधारा आहे. खाचेतल्या पाण्याची उंची मोजली की प्रवाह किती ते कळतं. वरून काय आलं आणि खालून काय गेलं, याचा चोख जमाखर्च मांडता येतो.

स्वच्छ पावसाचा पीएच, म्हणजे आम्लता सांगणारा आकडा, साधारण ५.६ असतो. जीन लायकन्स, हर्बर्ट बोरमन या संशोधकांना आणि त्यांच्या सहकाऱ्यांना इथे तो ४च्या आसपास सापडला. पीएच एका अंकाने उतरला की आम्लता दहापट वाढते, हे लक्षात घेतलं की यातलं गांभीर्य कळतं. मुख्य कारण होतं कोळशाच्या वीजकेंद्रांमधून निघणारा गंधकाचा धूर. पुढे १९७० आणि १९९०च्या हवा प्रदूषणविरोधी कायद्यांनी त्याला लगाम बसला, त्या गंधकापासून पावसात उतरणारं सल्फेट घटलं.

ओढेही लगेच सावरतील असं वाटत होतं. तसं झालं नाही. १९९६मध्ये लायकन्स आणि सहकाऱ्यांनी जमाखर्चातूनच कारण दाखवलं: आम्लाने कित्येक दशकं मातीतलं कॅल्शियम धुऊन नेलं होतं. आम्ल मारायचं काम तेच करतं. खडक झिजून ते पुन्हा जमायला फार वेळ लागतो. तोवर मातीतलं ॲल्युमिनियम विरघळून पाण्यात उतरतं, माशांच्या कल्ल्यांवर बसतं आणि त्यांचा श्वास अडतो. तीन वर्षांचा प्रकल्प असता तर यातलं काहीच हाती लागलं नसतं; अनुदानं मात्र बहुधा तेवढ्याच मुदतीची मिळतात.

१९९९मध्ये संशोधकांनी सुमारे १२ हेक्टरांच्या एका पाणलोटावर हेलिकॉप्टरमधून वोलॅस्टोनाइट, म्हणजे कॅल्शियम सिलिकेट, टाकलं. शुगर मेपलची झाडं तरारली, ओढ्याची आम्लता उतरली. बाटल्या भरणं मात्र थांबलं नाही. दशकभरानंतर त्याच ओढ्यात नायट्रेट भराभर वाढू लागलं. आम्ल कमी झाल्यावर मातीत वर्षानुवर्षं साठलेला नायट्रोजनही सुटू लागला होता.