पेन्सिलीला नाडी नसते

करोनाच्या काळात एक व्हिडिओ घरोघरी फिरला. रक्तातला ऑक्सिजन मोजणाऱ्या ऑक्सिमीटरमध्ये बोटाऐवजी पेन्सिल धरली, तरी पडद्यावर ऑक्सिजनचा आकडा उमटला! ‘बघा, कशी फसवणूक चालली आहे’ असं म्हणत लोक तो पुढे पाठवत होते. बाजारात बनावट यंत्रं आली होती, हे खरं. पण चांगलं यंत्रही पेन्सिलीवर आकडा दाखवू शकतं. ते का, हे एकदा कळलं की घरी ठेवलेल्या रुग्णावर लक्ष ठेवण्यामागचं बरंचसं विज्ञान उलगडतं.

ऑक्सिमीटरच्या चिमट्यात एका बाजूला दोन बारीक एलईडी असतात. एक ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा लाल प्रकाश देतो, दुसरा साधारण ९४० नॅनोमीटरचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाश. समोरच्या बाजूचा संवेदक बोटातून आरपार आलेला प्रकाश मोजतो. ऑक्सिजन घेतलेलं हिमोग्लोबिन अवरक्त प्रकाश जास्त शोषतं, ऑक्सिजन सोडून दिलेलं लाल. पण कातडी, हाड आणि शिरेतलं रक्तही प्रकाश अडवतात, शिवाय प्रत्येकाचं बोट वेगळं. मग धमनीतल्या रक्तापुरता हिशेब मांडायचा कसा?

ही गाठ जपानच्या निहोन कोडेन कंपनीतले अभियंते ताकुओ आओयागी यांनी सोडवली. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं, हे ते कानाच्या पाळीतून प्रकाश पाठवून मोजू पाहत होते. त्यासाठी रक्तात सोडलेल्या रंगद्रव्याचा आलेख लागायचा, आणि नाडीच्या ठोक्यांमुळे तो सारखा थरथरायचा. ही थरथर घालवता घालवता त्यांच्या लक्षात आलं, की ती येते फक्त धमनीतल्या रक्तामुळे. बाकी सगळं जागच्या जागी असतं. म्हणजे जी थरथर नको होती, तीच मोजायची! १९७४ साली त्यांनी ही कल्पना मांडली. एप्रिल २०२० मध्ये, अर्धं जग ऑक्सिमीटर शोधत असताना, त्यांचं निधन झालं.

यंत्र प्रत्येक प्रकाशाच्या बदलत्या भागाला त्याच्याच स्थिर भागाने भागतं, आणि मग लाल प्रकाशाच्या उत्तराला अवरक्ताच्या उत्तराने. हे गुणोत्तर अर्ध्याच्या आसपास असेल तर ऑक्सिजन, म्हणजे ऑक्सिजन घेतलेल्या हिमोग्लोबिनचं प्रमाण, शंभर टक्क्यांच्या जवळ. १ असेल तर साधारण ८५. हा तक्ता नुसत्या सूत्रातून येत नाही. निरोगी स्वयंसेवकांना कमी ऑक्सिजनची हवा देऊन, त्यांच्या धमनीतलं रक्त तपासून तो तयार होतो. त्यांना ७० टक्क्यांच्या खाली नेत नाहीत, म्हणून त्याखालचे आकडे अंदाजाचे.

आता पेन्सिलीकडे या. तिला नाडी नसते, पण धरणारा हात थरथरतो. यंत्राला वाटतं हाच ठोका. दोन्ही प्रकाश सारखेच हलले, तर गुणोत्तर १ कडे सरकतं आणि ८५ च्या आसपास आकडा येतो. हात हलवत मोजलं, तर जिवंत बोटावरही असा खोटा आकडा येऊ शकतो. म्हणून रुग्णाने पाच मिनिटं शांत बसावं, बोट गार असेल तर चोळून गरम करावं, नेलपॉलिश काढावी आणि आकडा स्थिर होईपर्यंत थांबावं.

पण घरी हे मोजायचं कशासाठी? दम लागला की कळेलच ना? करोनात नेमकं इथेच अनेकांच्या बाबतीत घात झाला. दम लागल्याची जाणीव मुख्यतः कार्बन डायऑक्साइड साचल्याने होते. हा वायू फुप्फुसातून ऑक्सिजनपेक्षा कितीतरी सहज बाहेर पडतो, त्यामुळे ऑक्सिजन घटत असतानाही रुग्ण फोनवर नीट बोलत राहतो. त्यात हिमोग्लोबिनचा स्वभाव असा, की रक्तातल्या ऑक्सिजनचा दाब (पाऱ्याच्या मिलिमीटरमध्ये) १०० वरून ६० वर आला तरी टक्केवारी ९८ वरून जेमतेम ९० होते. पुढच्या २० मिलिमीटरमध्ये मात्र ती ७५ वर कोसळते. सह्याद्रीच्या पठारावरून चालत जावं आणि अचानक कडा लागावा, तसं हे आहे. आपल्याकडे ९४ टक्क्यांवर धोक्याची रेषा आखली, ती कड्याच्या बरीच अलीकडे थांबता यावं म्हणून.

सप्टेंबर २०२० पासून ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहिमेत आशाताई ऑक्सिमीटर घेऊन दारोदार फिरल्या. मुंबईत प्रभागांच्या वॉर रूममधून घरी विलगीकरणात असलेल्यांना फोन जात. इंग्लंडच्या आरोग्य सेवेने त्याच वर्षी रुग्णांना ऑक्सिमीटर घरी देऊन पाठपुरावा सुरू केला. या सगळ्यात यंत्राइतकंच मोल आकडा ऐकणाऱ्या माणसाचं होतं. काल ९८, आज सकाळी ९६, संध्याकाळी ९४ ही उतरंड वहीत दिसली, तरच वेळेत रुग्णवाहिका बोलावता येते. त्याच दिवसांत कापूर, लवंग आणि ओव्याची पुरचुंडी हुंगली की ऑक्सिजन वाढतो, असे संदेश फिरत होते. वाढत नाही. त्या वासावर विसंबून घालवलेले तास रुग्णाचे असतात, आणि ते परत मिळत नाहीत.

यंत्राची एक मर्यादा मात्र गंभीर आहे. डिसेंबर २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ऑक्सिमीटर ९२ ते ९६ दाखवत असताना धमनीतलं प्रमाण प्रत्यक्षात ८८ च्या खाली असल्याचं गोऱ्या रुग्णांच्या ३.६ टक्के नमुन्यांत आढळलं, तर कृष्णवर्णीयांच्या ११.७ टक्के. सावळ्या कातडीच्या आपल्या देशाने हे विसरून चालणार नाही. आकडा ९५ असला, तरी छातीचं वर-खाली होणं घड्याळ लावून मिनिटभर मोजा. श्वास २४ किंवा त्याहून जास्त भरले, ओठ निळसर दिसले किंवा माणूस असंबद्ध बोलू लागला, तर पुन्हा बोट बदलून बघत बसू नका. लगेच १०८ ला फोन करा.