क्रिम्प आला कुठून: प्रायमर पॉकेट मोकळं करणाऱ्या साधनांची पार्श्वभूमी

लष्करी पुंगळीत प्रायमरवर, म्हणजे बार पेटवणाऱ्या छोट्या टोपीवर, पितळेची कड दाबलेली असते, तिला क्रिम्प म्हणतात. तो काढायला स्वेजर (दाबणारं साधन) घ्यावा की रीमर (कापणारं), हा रीलोडिंग करणाऱ्यांमधला, म्हणजे वापरलेल्या पुंगळ्या पुन्हा भरणाऱ्यांमधला, जुना वाद आहे. आमच्या मते उत्तर पुंगळीच्या बुडावरच्या कारखान्याच्या शिक्क्यात असतं.

अमेरिकेच्या हायरम बर्डन यांनी आणि ब्रिटिश एडवर्ड बॉक्सर यांनी १८६६ मध्ये आपापल्या प्रायमरचं पेटंट घेतलं. बॉक्सर पद्धतीत पॉकेटच्या (प्रायमर बसतो त्या खळग्याच्या) मधोमध एकच छिद्र असतं, त्यामुळे वापरलेला प्रायमर सुईने सहज बाहेर ढकलता येतो. घरगुती रीलोडिंग याच पद्धतीवर उभं राहिलं. यात प्रायमरला धरून ठेवते ती फक्त घट्ट बैठक. बोल्ट रायफलला तेवढी पुरते: बार उडताना प्रायमर किंचित मागे सरकतो, मग पुंगळीही मागे येते आणि तो पुन्हा जागेवर बसतो.

स्वयंचलित शस्त्रात मात्र नळीत दाब शिल्लक असतानाच पुंगळी ओढली जाते. अशा वेळी सुटलेला प्रायमर ट्रिगरच्या यंत्रणेत पडला, की बंदूक ठप्प. म्हणून लष्करी कारखाने प्रायमर बसवल्यावर पॉकेटच्या तोंडाचं पितळ त्याच्या कडेवर दाबतात. कधी पूर्ण कडं दाबलेलं असतं, कधी तीन-चार ठिकाणी नुसते ठोके.

दुसऱ्या महायुद्धानंतर .३०-०६ आणि .४५ या काडतुसांच्या लष्करी पुंगळ्या नागरिकांच्या हाती आल्या, पुढे ७.६२×५१ आणि ५.५६×४५ च्या. जुना प्रायमर निघतो, पण दाबलेलं पितळ आत झुकलेलंच राहतं. नवा प्रायमर त्यावर अडतो, त्याची कड सोलली जाते किंवा तो तिरका चेपतो. तिथे जोर लावू नये, कारण चेपलेला प्रायमर पेटू शकतो. चष्मा हवाच.

सुरुवातीला लोक चाकूच्या टोकाने किंवा काउंटरसिंकने (छिद्राची कड तिरकी कापणाऱ्या साधनाने) कड खरवडत. मग दोन वाटा झाल्या. रीमर पितळ कापतो, स्वेजर ते न कापता बाजूला दाबतो. विल्सन, लायमन, हॉर्नडी या कंपन्यांचे रीमर हाताने फिरवता येतात, ड्रिलवरही चालतात. क्रिम्पची कड गेली की लगेच थांबायचं. त्यापुढे फिरवत राहिलं, तर पॉकेटची भिंत वरून कमी होते आणि प्रायमरची पकड सुटते. ती पुंगळी मग टाकूनच द्यावी लागते.

आरसीबीएस कंपनीचा स्वेजर नेहमीच्या रीलोडिंग प्रेसवर चालतो: पुंगळीला आतून दांडी आधार देते आणि प्रेसच्या रॅमवरचं (वर-खाली होणाऱ्या दांड्यावरचं) बटण पॉकेटमध्ये घुसतं. डिलनचा सुपर स्वेज ६०० टेबलावर बसतो आणि लिव्हरवर चालतो. आतल्या दांडीचं सेटिंग हाच दोन्हींचा कळीचा भाग. पॉकेट आणि पुंगळीची पोकळी यांमधल्या पितळेची जाडी प्रत्येक कारखान्याची वेगळी असते. पातळ बुडाच्या पुंगळीवर सेट केलेली दांडी जाड बुडाला जास्त दाबते, लिव्हर जड जातो आणि पॉकेटचं तोंड फाकतं. उलट असेल, तर आधार मिळत नाही आणि रिम (पुंगळीच्या बुडाची बाहेरची कड) वाकते किंवा क्रिम्प अर्धवट राहतो. म्हणून शिक्क्यानुसार ढीग वेगळे करावेत आणि ढीग बदलला की दांडी पुन्हा लावावी.

एकाच शिक्क्याच्या हजारभर पुंगळ्या असतील, तर स्वेजर. मिश्र शिक्क्यांच्या शे-दोनशे असतील, तर रीमर. हा आमचा स्पष्ट कौल आहे.

काम नीट झालं की नाही, ते प्रायमर बसवताना हाताला कळतं. बैठक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखी घट्ट लागावी आणि प्रायमर बुडाच्या पातळीखाली ०.००२ ते ०.००५ इंच बसावा. बोटानेच आत गेला, तर पॉकेट सैल आहे. छोट्या प्रायमरचा व्यास साधारण ०.१७५ इंच, मोठ्याचा ०.२१० इंच, बटण किंवा रीमर त्या-त्या प्रायमरच्या पॉकेटसाठीचाच हवा. .४५ च्या पुंगळ्या आता दोन्ही मापांत मिळतात, आणि ९ मिमीच्या लष्करी पुंगळ्याही क्रिम्प केलेल्या असतात. नेमबाजीच्या रेंजवरून गोळा केलेला ढीग आधी निवडून घ्यावा.