पलटणीपेक्षा कोठार मोठं: विदर्भातलं लष्कर

पश्चिम महाराष्ट्रात फौजेचा विषय निघाला की पलटणीचं नाव येतं. विदर्भाच्या खेड्यांत आधी येतं ते ऑर्डनन्स फॅक्टरीचं, म्हणजे दारूगोळा बनवणाऱ्या सरकारी निर्माणीचं, आणि पुलगावच्या दारूगोळा डेपोचं. असं का, याचं उत्तर नकाशात आहे.

छावणी इथे जुनीच. नोव्हेंबर १८१७ मध्ये सीताबर्डीच्या लढाईत नागपूरचे आप्पासाहेब भोसले हरले आणि १८२१ मध्ये इंग्रजांनी कामठीला कॅन्टोन्मेंट वसवलं. आज तिथे ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळाच्या रेजिमेंटचं सेंटर आहे. १९४९ मध्ये उभी राहिलेली ही रेजिमेंट एका जातीची वा प्रांताची नाही, देशभरातल्या पोरांची. बाकी आपला पोरगा मराठा लाइट इन्फंट्रीत लागला तर बेळगावला जातो, महार रेजिमेंटमध्ये लागला तर मध्य प्रदेशातल्या सागरला.

खरा बदल झाला १९६२ च्या चीन युद्धानंतर. दारूगोळा कमी पडतो हे तेव्हा महागात पडून कळलं होतं, आणि नवे कारखाने सीमेपासून लांब हवे होते. विदर्भ देशाच्या मधोमध, रेल्वे हाताशी. भंडाऱ्याजवळ जवाहरनगर, भद्रावतीला चांदा, नागपूरला अंबाझरी अशा निर्माणी त्याच दशकात उभ्या राहिल्या. अंबाझरीत तोफगोळ्याचं धातूचं कवच बनतं, जवाहरनगरला स्फोटकं आणि प्रोपेलंट, म्हणजे गोळा फेकणारी दारू, तर चांद्याला कवचात दारू भरली जाते. साठवण पुलगावला. सगळं नागपूरपासून दीडशे किलोमीटरच्या आत.

पुलगावचा डेपो म्हणजे सैन्याचं सगळ्यात मोठं दारूगोळा भांडार, सुमारे ७ हजार एकरांवर. आत आर्मी ऑर्डनन्स कोअरचे अधिकारी-जवान, आग विझवायला नागरी फायरमन, पहाऱ्याला डिफेन्स सिक्युरिटी कोअर, म्हणजे बहुतेक निवृत्त होऊन पुन्हा नोकरीला लागलेले फौजी. ३१ मे २०१६ च्या पहाटे इथे आग लागली, स्फोट झाले, आसपासची गावं रात्रीतून खाली करावी लागली. मेलेल्यांत दोन अधिकारी होते, पण संख्येने जास्त फायरमन आणि पहारेकरीच. नोव्हेंबर २०१८ मध्ये जवळच मुदत संपलेला दारूगोळा नष्ट करायला आणला असताना स्फोट झाला. सहा जण गेले, त्यांत रोजंदारीवर आलेले गावातले मजूरही होते. लष्कराच्या कोणत्याही तक्त्यात हा रोजंदार दिसत नाही. पेटी मात्र त्याच्याच खांद्यावर असते.

मग नऊ महिन्यांच्या आत निर्माणीचं आणि फौजेचं, दोन्ही दारं बदलली. १ ऑक्टोबर २०२१ ला ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड मोडून ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. भंडारा आणि चांदा म्युनिशन्स इंडियात, अंबाझरी यंत्र इंडियात. हिचं मुख्यालय नागपुरातच. १४ जून २०२२ ला फौजेतल्या भरतीची अग्निपथ योजना आली: चार वर्षांची नोकरी, पहिल्या वर्षी महिना ३० हजार, त्यातले २१ हजार हातात, आणि चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के कायम. आधी ऑनलाइन परीक्षा, नंतर ग्राउंड, म्हणजे धावण्याची मैदानी चाचणी, हा क्रम २०२३ पासून. त्यामुळे सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत काढणारं गावचं पोट्टं आधी कॉम्प्युटरपुढे अडकतं. तालुक्याच्या गावी चांगली अकॅडमी नसली की तिथेच गाडी थांबते.

पहिल्या तुकडीचं प्रशिक्षण जानेवारी २०२३ मध्ये सुरू झालं. तिची चार वर्षं २०२६ संपता संपता भरतात. बाहेर पडणाऱ्यांसाठी केंद्रीय पोलीस दलांत २०२२ मध्ये १० टक्के आरक्षण जाहीर झालं होतं. पेन्शन मात्र नाही.