गाडी बघायला येताना सायकल घेऊन या

बडोद्यात सेकंड हँड छोटी गाडी शोधणाऱ्या आमच्या ग्राहकांसाठी

अलीकडे आमच्याकडे एक वेगळंच गिऱ्हाईक यायला लागलंय. रविवारी पहाटे पावागडच्या पायथ्याशी सायकल चालवायची असते, पण हायवेवरच्या गोल्डन चोकडीपासून (चौकापासून) पुढे ट्रकांच्या रांगेतून जायला घरचे परवानगी देत नाहीत. मग सायकल गाडीत टाकायची, जरोदच्या पुढे कुठेतरी सावलीला गाडी लावायची आणि तिथून सुरुवात करायची. बजेट दोन ते साडेतीन लाख. आल्या आल्या पहिला प्रश्न ठरलेला असतो: डिकी किती लिटरची?

हा प्रश्नच चुकीचा आहे. कंपनी जे लिटर सांगते ते साधारणपणे मागची सीट उभी असताना, वरच्या ट्रेपर्यंतच्या जागेचं माप असतं. त्यात सुटकेसा मावतात. सायकल मावते ती सीट पाडल्यावर, आणि तीही डिकीच्या तोंडातून आत शिरली तर.

हे आम्हीसुद्धा ठेच लागल्यावरच शिकलो. वाडीतल्या एका काकांना आम्ही मोठ्या डिकीची म्हणून गाडी दिली. संध्याकाळी त्यांचा फोन: सायकल आत गेली, पण डिकी लागत नाही! घरी जाऊन बघितलं तर एमटीबीचं, म्हणजे डोंगरी सायकलचं, हँडल चांगलं पाऊण मीटर रुंद, आणि आडव्या पडलेल्या सायकलवर ते उभं राहिलेलं. पुढचं चाक काढलं, चिमटा (पुढचं चाक धरणारा फोर्क) फिरवून हँडल दांड्याला समांतर केलं आणि डिकी खट्‌कन लागली. गाडी बरोबर होती, आम्ही सायकल न बघता विकली होती. तेव्हापासून सायकल बघितल्याशिवाय आम्ही गाडी सुचवत नाही.

आधी सायकल मोजा

घरी टेप असेलच. पुढचं चाक काढा आणि चिमट्याच्या टोकापासून मागच्या टायरच्या शेवटापर्यंत मोजा. पातळ टायरची, ७०० मापाच्या चाकांची रोड बाइक अख्खी साधारण १६८ सेंटिमीटर भरते; पुढचं चाक काढलं की १३५च्या आसपास येते. २९ इंची एमटीबी मात्र चाक काढूनही दीड मीटरच्या घरात राहते. दुसरं माप हँडलच्या रुंदीचं, तिसरं सीटच्या उंचीचं. सीट खाली करण्याआधी पाइपला चिकटपट्टीची खूण करा, नाहीतर पावागडला पोचल्यावर अर्धा तास सीट वरखाली करण्यात जाईल.

आजोबांची काळी, २८ इंची दांडीवाली सायकल असेल तर गोष्ट वेगळी. ती एक मीटर ऐंशीच्या वर जाते, वजनाला भक्कम, चाकं नटवर, सोडायला पाना लागतो. तिच्यासाठी छोटी हॅचबॅक शोधूच नका. मारुतीच्या ईकोसारखी उंच गाडी बघू. ईकोची लांबी पावणेचार मीटरच्या आतच आहे, पण उंची एक मीटर ऐंशीच्या वर, आणि मागचं दार अख्खं वर उघडतं. आवाज आणि ड्रायव्हरच्या सीटखालच्या इंजिनाची गरमी सोसावी लागेल. घ्यायची तर पाच सीटचीच घ्या.

मग गाडी

गाडीत आम्ही तीन गोष्टी बघतो. डिकीच्या तोंडाची उंची आणि रुंदी. उंबरा, म्हणजे सायकल किती वर उचलावी लागते ते. आणि सीट पाडल्यावर तळ सपाट होतो की मध्ये पायरी राहते. पायरी असली तर गादीची जुनी घडी टाकून भागतं, पण उंबरा उंच असेल तर दर रविवारी कंबर आठवण करून देते.

चौथी गोष्ट गिऱ्हाईक हमखास विसरतं: पुढची सीट. आमचा पोरगा बुटका आहे. त्याने सीट पुढे ओढून सायकल घातली तर वाटतं, मावली. तुमची उंची सहा फूट असेल तर तुमची सीट मागे जाणार आणि सायकलचे दहा-बारा सेंटिमीटर खाणार. म्हणून स्वतः बसा, सीट लावा, मगच सायकल घाला.

सायकल घालायची रीत आमच्या दुकानासमोर दाखवतो. आधी गिअर मागच्या सगळ्यात मोठ्या चक्रीवर, म्हणजे मागचा डिरेलर (चेन एका चक्रीवरून दुसरीवर नेणारा भाग) आत राहतो. चेनची बाजू वर. खाली ठेवली तर डिरेलर ज्याला अडकवलेला असतो त्या हँगरवर अख्खं वजन येतं आणि तो वाकतो. मागचं चाक आधी आत, पुढच्या सीटच्या पाठीला टेकेल असं. ब्रेक मारला तर सीटला टायर टेकावा, चिमट्याची टोकं नव्हे. काढलेलं चाक चादरीत गुंडाळून वर. डिस्क ब्रेक असेल तर कॅलिपरमध्ये, म्हणजे ब्रेकचे पॅड बसतात त्या खाचेत, जाड पुठ्ठ्याची घडी घाला आणि चाक बाहेर असताना लिव्हर दाबू नका. हायड्रॉलिक असेल तर पॅड चिकटतात आणि मग रविवार पॅड सोडवण्यात जातो. शेवटी सायकल पट्ट्याने बांधा. नुसती ठेवलेली सायकल ब्रेक लागला की उडते.

आता मॉडेलं. आमचं मत सरळ सांगतो: बजेट पोचत असेल तर २०१९ नंतरची वॅगनआर. डिकी ३४१ लिटरची, पण आम्हाला आवडतं ते तिचं उभं, चौकोनी तोंड. आधीच्या पिढीची वॅगनआर बाहेरून तितकीच उंच दिसते, पण तिची डिकी १८० लिटरची. जाहिरातीतला फोटो बघून फसू नका, साल बघा. मागची सीट ६०:४० दुमडणारी मिळाली तर सोन्याहून पिवळं, कारण एका बाजूला सायकल आणि दुसऱ्या बाजूला वहिनी किंवा मुलगा बसू शकतो. सगळ्या व्हेरियंटला ही सोय नसते.

अल्टो ८०० सगळ्यात स्वस्त पडते, पार्ट कुठेही मिळतो, पण डिकी १७७ लिटर आणि तोंड लहान. रोड बाइक दोन्ही चाकं काढून बसते, एमटीबीचा हट्ट धरू नका. रेनोच्या क्विडची डिकी आकड्यात मोठी, २७९ लिटर, पण उंबरा उंच. नॅनो आपल्या साणंदची, तिच्याबद्दल जिव्हाळा आहे, पण सुरुवातीच्या नॅनोचं मागचं दार उघडतच नव्हतं. ते २०१५च्या जेनएक्सपासून उघडायला लागलं. सायकलसाठी जुनी-नवी दोन्ही नॅनो सोडून द्या. आणि हलोलच्या जुन्या शेवरले कारखान्यामुळे बडोद्यात शेवरले अजून स्वस्तात मिळतात, पण शेवरले बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २०१७ मध्ये भारतातली विक्री बंद केली. पार्टसाठी हिंडायची तयारी असेल तरच घ्या.

सीएनजीचं काय?

गुजरातेत हा प्रश्न येणारच. साध्या सीएनजी गाडीत मोठी टाकी सीटच्या मागे आडवी बसते आणि सायकलचा विषय तिथेच संपतो. टाटाने टियागोमध्ये २०२३ पासून दोन छोट्या टाक्या डिकीच्या तळाखाली दिल्या, ती बघण्यासारखी आहे. बजेटमध्ये मात्र अजून क्वचितच बसते. कोणतीही सीएनजी घेतली तरी आरसी बुकात सीएनजीची नोंद आहे का आणि टाकीची दर तीन वर्षांची टेस्ट झाली आहे का ते बघा. आठवड्यातून एकदाच सायकल न्यायची आणि रोज मकरपुऱ्याला कामावर जायचं, असं असेल तर आम्ही हिशेब मांडून देऊ. कधीकधी सीएनजी आणि मागचा रॅक हेच उत्तर निघतं.

रॅक लावलात तर नंबर प्लेट आणि मागचे दिवे झाकले जाता कामा नयेत, नाहीतर चलन येईल. पट्ट्याचे हुक दाराच्या पत्र्याच्या कडेला अडकवायचे, काचेला किंवा प्लास्टिकच्या स्पॉयलरला नाही. छपरावर नेणार असाल तर गाडीच्या पुस्तिकेत छपराला किती किलो चालतं ते वाचा. आणि सोसायटीच्या बेसमेंटमध्ये शिरण्याआधी खाली उतरून वर बघा: पावणेदोन मीटरची गाडी आणि वर एक मीटरची सायकल. आम्ही छपराच्या बाजूचे नाही.

पाण्यात गेलेली गाडी

यावर जरा जास्त लिहितो, कारण बडोद्यात हाच खरा धोका आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री नदी घरांत शिरली, मगरी रस्त्यावर आल्या, हे तुम्ही विसरला नसाल. त्या वेळी पाण्यात उभ्या राहिलेल्या गाड्या धुऊन-पुसून बाजारात आल्या आहेत आणि त्या आकर्षक भावात मिळतात.

सीट बेल्ट पूर्ण बाहेर ओढा, शेवटच्या हातभर पट्ट्यावर मातकट रेघ आहे का बघा. तिथे कोणी साबण लावत नाही. स्टेपनी काढून तिच्या खड्ड्यात बोट फिरवा. बारीक गाळ कोपऱ्यात सापडतो. पुढच्या सीटखालच्या बोल्टना गंज चढलाय का पाहा. काचा बंद करून दहा मिनिटं उन्हात उभी करा, मग दार उघडून वास घ्या. अगरबत्तीचा किंवा परफ्यूमचा वास जास्त येत असेल तर तिथेच थांबा. विमा कंपनीकडचा क्लेमचा इतिहासही मागा. पूर आलेल्या भागातली प्रत्येक गाडी वाईट नसते, अनेकांनी गाड्या वेळेत उड्डाणपुलांवर नेऊन लावल्या होत्या. पण बोट फिरवल्याशिवाय पैसे देऊ नका, आमच्याकडच्या गाडीचेसुद्धा.

भावाबद्दल एक गोष्ट. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या गाड्यांवरचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला. त्याआधीच्या भावाने कोणी तीन-चार वर्षं जुनी गाडी विकत असेल, तर नव्या गाडीची आजची किंमत शेजारी मांडून बोला. पेट्रोल गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. बारा-तेरा वर्षं झालेली गाडी स्वस्त का आहे, ते त्यावरून समजेल.

दुकान दांडिया बाजारात आहे, त्यामुळे सायकल उभी-आडवी करून बघायची तर सकाळी दहाच्या आत या. नंतर रस्त्यावर पाय ठेवायला जागा नसते. येताना सायकल, जुनी चादर आणि, चाक नटवर असेल तर, पाना आणा. टेप आमच्याकडे आहे.